सदर घरात माणसे राहतात, याची नोंद घ्यावी

कलिंगड घेताना माणूस टिचकी मारून बघतो, बूट घेताना दुकानभर चालून बघतो. घर मात्र न बघता घ्यायचं, एवढा थोर विश्वास आता फक्त लिलावातच उरला आहे. इथं ब्राझीलमध्ये, आमच्या उबेराबा शहरात, तो बँकेनं जपला आहे. पंखेदुरुस्तीचं दुकान बसलं, बाबांचे हप्ते थकले आणि बँकेनं आमचं घर जाहीर लिलावाला काढलं. जाहिरातीत आमच्या फाटकाचा फोटो होता (अर्ध्या फोटोत शेजाऱ्यांचा कुत्रा). खाली अट : 'घरात माणसे राहतात. आतून पाहता येणार नाही. माणसे काढण्याची जबाबदारी घेणाऱ्याची.' ती जबाबदारी म्हणजे मी, आई, बाबा आणि झुलेइदी मावशी. आजवर मी घरात नुसती कटकट होते. ही माझी पहिलीच बढती.

आता, आमच्याकडे कुणाच्याही घरात हक्कानं शिरतो असा माणूस एकच : डेंग्यूवाला. कुंडीत पाणी साचलंय का, ते बघायला तो येतो आणि त्याला नाही म्हणणं म्हणजे उघडउघड डासांची बाजू घेणं. त्यामुळे जाहिरात छापून आली आणि आमच्या गल्लीची आरोग्यसेवा एकदम सुधारली. त्या महिन्यात गल्लीत डेंग्यूचे रुग्ण शून्य, तपासनीस एकोणीस. सगळे आमच्याच घरी.

पहिल्यानं कुंडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. भिंतीवर टकटक केली.

"भिंतीत असतात का हो डास, दादा?" मावशीनं विचारलं.

"नवी जात आहे, ताई. विटेत राहते."

दुसरा बायकोला घेऊन आला. तिनं स्वयंपाकघरात हात पसरून फ्रिजची जागा मोजली (डासांच्या सोयीनं). एक जण मात्र खरोखरच कुंडीत वाकून बघायला लागला, तेव्हा आम्हाला त्याचा संशय आला.

मावशी सगळ्यांना कॉफी आणि चीजचे गरम पाव देत होती. आई भडकली. "अगं झुले, ही माणसं उद्या आपल्याला रस्त्यावर काढतील, आणि तू त्यांना पाव भरवतेस?"

"खाऊ दे गं. सरकारी माणसं ती, काम नको का करायला?" मावशी म्हणाली आणि अंगणाकडे वळून ओरडली, "अहो साहेब, छपरावरची टाकी राहिली!"

साहेब वर चढले. नाही कसं म्हणणार? नाही म्हटलं तर सोंग उघडं. अशा रीतीनं शासनाचा एक पैसाही खर्च न होता आमची टाकी घासली गेली, पन्हळी मोकळ्या झाल्या, आणि एका दातांच्या डॉक्टरांनी (दुपारी त्यांचा दवाखाना बंद असतो) अंगणातले गंजके पंखे एकट्यानं उचलून बाहेर टाकले. घर असं झळकायला लागलं की येणारे दुप्पट झाले.

"तू घर वाचवते आहेस, की नटवून देते आहेस?" आईनं विचारलं. मावशीनं हातातला पाव कुणाला न देता स्वतःच खाल्ला. असं आमच्या घरात पूर्वी कधी झालेलं नाही.

लिलावाच्या दिवशी सगळे डेंग्यूवाले साध्या कपड्यांत हजर होते आणि एकमेकांना अजिबात ओळखत नव्हते. लिलाववाल्यानं किंमत पुकारली. कुणी बोललं नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही, खोकला बोली समजतील म्हणून. कारण पहिल्या फेरीत घर विकलं गेलं नाही तर दुसऱ्या फेरीत ते निम्म्या किमतीत निघतं, आणि पहिल्या फेरीत तोंड उघडणारा आमच्याकडे जन्मभर मूर्ख म्हणून ओळखला जातो.

दातांच्या डॉक्टरांनी बाबांना कडकडून मिठी मारली. "अभिनंदन, दोरिव्हाल! वाचलं बघ तुझं घर!"

"गुरुवारपर्यंत," बाबा म्हणाले.

गुरुवारी दुसरी फेरी आहे. तेव्हाही कुणी बोली लावली नाही, तर घर आम्हालाच भाड्यानं देऊ, असं बँकेतल्या बाई म्हणाल्यात (तोंडी, पण हसून). म्हणजे आम्ही कुठं राहायचं, हे आता परक्या माणसांच्या गप्प बसण्यावर आहे.

तुम्ही इथवर वाचलंत, म्हणजे मनानं चांगले आहात. तुम्हाला आमच्याबद्दल वाईट वाटलं असणार, आणि किंमत निम्मी होते ते वाचून थोडं कमी वाईट वाटलं असणार. गुरुवारी लिलाव किती वाजता, ते मी कुठंही लिहिलेलं नाही. उगाच मागे जाऊन शोधू नका.