वळताना हात दाखवा

कवळ्या बनवणाऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा थाप मारली, आणि तीही नको तिथे. दातांच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टने सहज विचारलं, "शनिवारी आम्ही सगळे क्लबमध्ये चाललोय. तुला नाचता येतं?" गेलं वर्षभर तो तिच्याशी फक्त दाढांविषयी बोलत आला होता. दुसरं काही बोलायची ही पहिलीच संधी.

"येतं की," तो म्हणाला. "सालसा."

सालसा कशाशी खातात हेही त्याला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी मोबाइल कपाटाला टेकवून त्याने अभ्यासाला सुरुवात केली. हिपहॉपला गुडघ्यांनी साफ नकार दिला. टँगोत चेहरा गंभीर ठेवायचा होता, तेवढा जमला. सालसाची पहिली गिरकी घेतली आणि इस्त्रीचं टेबल आडवं झालं. आवाज ऐकून ताई आली. ताई मोटार चालवायला शिकवायची. समोर कुणी चुकीचं वळलं की तिला राहवत नसे.

"वळायच्या आधी मागे बघितलंस?"

"ताई, हा नाच आहे."

"मग नाचताना मागे माणसं नसतात? मान वळव. हात दाखव. आता वळ. हळू, कोण लागलंय मागे?"

आठवडाभर तिने हे त्याच्याकडून घोटून घेतलं.

शनिवारी क्लबमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सालसाचं गाणं लागलंच नाही. लोक नुसते उड्या मारत होते. रिसेप्शनिस्टने त्याला हाताला धरून मधोमध नेलं, तेव्हा त्याच्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं, ताई तेवढी उरली. त्याने मागे बघितलं आणि उजवा हात लांब केला. ट्रे घेऊन येणारा वेटर जागीच थांबला. वेटरच्या मागची जोडपी थांबली, त्यांच्यावर आणखी मागची येऊन आदळली. हा सावकाश वळला आणि वेटरला हातानेच वाट दिली.

"हे काय चाललंय तुझं?" तिने विचारलं.

त्याने हात खाली घेतला. "मला नाचता येत नाही. हे ताईनं शिकवलंय."

ती खाली आपल्या पांढऱ्या बुटांकडे बघत राहिली. "दर वेळी घरी जाईपर्यंत हे काळेकुट्ट होतात. आज एकानंही पाय दिला नाही," ती म्हणाली. "ताईंचा क्लास कुठे असतो? मलाही शिकायचंय."

ताई काय शिकवते ते सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि पत्ता सांगून मिटलं.

रविवारी सकाळी ती तेच बूट घालून आली. ताईने तिला न्याहाळलं आणि गाडीचं दार उघडलं. "बस. आधी आरसा नीट करून घे."

तिने चक्रावून मागे पाहिलं. मागच्या सीटवर तो पट्टा लावून तयार होता.

"सालसाची सुरुवात अशीच असते," त्याने दुसरी थाप मारली.

ती हसली. तिने आरसा फिरवला, आणि त्यात रस्त्याऐवजी तो दिसू लागल्यावर तसाच ठेवला.