देवानं उजवी दिली

शिमग्याच्या पोळीवर तूप ओतून घेता घेता रघूने बहिणीच्या नवऱ्याचा निकाल लावून टाकला.

"भावजी, पंखा ओढून कुनाचं घर चाललंय काय? आमच्या मिलमध्ये साच्याखात्यात मागावर एक जागा हाय. मानसं भरनारा जाबर आपल्या वळखीतला. चला मुंबयला!"

भागोजीचा घास हातातच राहिला. तो रत्नागिरीच्या कोर्टात पंखा ओढत असे. व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायचं, दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि आत बसलेल्या साहेबाला वारा घालायचा, असं ते सुखाचं काम होतं. पण पावसाळ्यात सरकारला वारा फुकट मिळे. मग भागोजीला चार महिने घरी बसवत, आणि त्याच चार महिन्यांत घरातली भाताची कणगी तळ दाखवू लागे.

मुंबईचं नाव निघालं की भागोजीला आधी बोट आठवे. एकदा कुणाला तरी पोचवायला म्हणून तो छोट्या पडावातून आगबोटीपर्यंत गेला होता, तेवढ्यातच त्याने सकाळची पेज समुद्राला अर्पण केली होती. कुणी विचारलं तर तो हेच कारण सांगे. खरं कारण निराळं होतं. बायकोला, सगुणेला, आणि चुलीपुढच्या तिच्या बडबडीला सोडून वर्षभर परमुलखात राहायचं, या विचाराने त्याला चक्क रडू येई. पण पुरुषासारख्या पुरुषाने हे मेव्हण्याला सांगायचं कसं?

"येवडा पावसाळ्याचाच प्रश्न हाय ना? मी जोडधंदा करीन," तो म्हणाला.

"कसला?"

"करीन काय तरी."

"बरं. मी मे महिन्यात परत येतंय. पावसाळ्याआधीची शेवटची बोट सुटायच्या आत तुमचा धंदा लागला तर ऱ्हा हितं. नाय तर ट्रंक भरून तयार ऱ्हा." एवढं बोलून रघूने आणखी एक पोळी मागून घेतली.

सगुणा पोळी वाढून गप्प उभी राहिली. एरवी तिला गप्प करायला गावातले चार शहाणे लागत. पण भागोजी आपल्याच काळजीत होता, त्यामुळे त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

आता धंदा कोणता करायचा? भागोजीने आजवर कुठलीच गोष्ट स्वतःच्या डोक्याने ठरवली नव्हती. बैल घ्यायचा असो, सोयरिकीला जायचं असो की दाढ काढायची असो, तो सरळ ग्रामदेव केदारलिंगाच्या देवळात जाऊन कौल लावी. देवापुढे नारळ ठेवायचा. मग सदू गुरव पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवी. उजवं आधी पडलं तर देवाचा होकार, डावं पडलं तर नकार. कोर्टापेक्षा हे बरं, कारण इथे वकील लागत नाही आणि तारीख पडत नाही.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात हौसा म्हातारी देवळाच्या पायरीशी नारळांची टोपली घेऊन बसू लागली होती. भागोजीने तिच्याकडून वाकड्या शेंडीचा एक नारळ घेतला आणि देवापुढे ठेवला. सदू गुरवाने घसा साफ केला. हा घसा साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होता. सदू गाऱ्हाणं घालू लागला की खाडीपलीकडची कुत्री उठून बसत.

"बा देवा केदारलिंगा! बारा वाटांच्या, बारा वहिवाटींच्या म्हाराजा! ह्यो तुजा भागोजी, कोर्टातला पंखेवाला, तुज्या पायाशी आला हाय! त्येला कोंबड्या पाळायच्या हायत, अंडी इकायची हायत आन् मुंबय टाळायची हाय! धंदा चालनार असंल तर उजवी दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडपात पान खात बसलेली सगळी मंडळी ओरडली.

टपकन उजवं फूल पडलं. भागोजी आनंदाने घरी आला आणि त्याने कोंबड्या आणल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या केरूनेही आणल्या. या केरूला स्वतःचं डोकं वापरायची सवय नव्हती, पण दुसऱ्याचं तो फार चटकन वापरी.

"केरू, अरे धंदा माजा हाय!"

"धंदा तुजा, पन देव साऱ्या गावाचा. देवानं कोंबड्यांना उजवी दिली. फकस्त भागोजीच्या कोंबड्यांना, असं कुटं म्हटलंन?"

हा मुद्दा गावाला पटला. देवाने खात्री दिलेला धंदा आणि तो न करायचा म्हणजे देवावर अविश्वास. आठवड्याभरात घरोघरी खुराडी झाली. कोंबड्या पडवीत, कोंबड्या माजघरात, कोंबड्या देवळाच्या मंडपातसुद्धा. प्रत्येकाने आपापल्या कोंबड्यांसाठी वेगळा कौल लावून घेतला, ते निराळंच. अंडी घ्यायला मात्र कुणी उरलं नाही, कारण सगळेच विकणारे. शेवटी लोक एकमेकांकडे अंडी भेट म्हणून नेऊ लागले, आणि समोरून हातात फडकं झाकलेली टोपली घेऊन पाहुणा येताना दिसला की घरातली माणसं मागच्या दाराने पळू लागली.

भागोजी कोर्टात बसून दुसऱ्या धंद्याचा विचार करू लागला. विचार आला की त्याचा अंगठा थांबे आणि आत साहेबाच्या कपाळावर घाम येई. साहेबाने आतून खाकरलं की पंखा पुन्हा हले. असं खाकरत-हलत काथ्याच्या दोरीचा धंदा नक्की झाला. पुन्हा हौसाचा नारळ, पुन्हा सदूचा घसा, पुन्हा "व्हय म्हाराजा!" आणि पुन्हा उजवी.

मग काय विचारता! साऱ्या गावाने नारळाची सोडणं खाडीत कुजत घातली. त्या वासाने गावात येणारा पोस्टमन वेशीवरूनच हाका मारून पत्रं वाटू लागला. गावभर दोऱ्याच दोऱ्या झाल्या. घ्यायला गिऱ्हाईक नाही म्हणून लोकांनी त्या दोऱ्यांनी कोंबड्या बांधल्या.

भागोजीला आता कुठे दुखणं समजलं. पुढच्या खेपेला तो गुरवाच्या कानाशी लागला.

"सदूकाका, जरा हळू विचारा की. देवापुरतंच."

"कौल म्हंजे काय चोरीचा माल हाय, कानात सांगायला? गाऱ्हानं चारचौघांत घालायचं असतं. देव काय तुज्या कोर्टातला साहेब नाय!"

"मंग धंद्याचं नाव तरी घेऊ नका. मनातला धंदा, असं म्हना."

सदूला हे फारसं रुचलं नाही, पण नारळ आधीच देवापुढे ठेवलेला होता. त्याने आढ्याकडे बघत आरोळी ठोकली, "भागोजीच्या मनातला धंदा चालनार असंल तर उजवी दे म्हाराजा!" आणि उजवं फूल पडलं. मंडपात कुजबुज झाली. भागोजी विजयी मुद्रेने बाहेर पडला आणि शेवटच्या पायरीवर येऊन थबकला. गुरवाशी हुज्जत घालण्याच्या नादात मनात धंदा धरायचाच राहून गेला होता!

ही गोष्ट फक्त भागोजीला आणि देवाला ठाऊक. गावाला वाटलं, या खेपेचा धंदा जबरा असणार, म्हणून लपवतोय. तेव्हापासून केरू त्याच्या पाळतीवर राहिला. भागोजी कुंपणाशी उभा राहिला की पलीकडे केरू उभा. एके दिवशी भागोजी आपली फाटकी छत्री दुरुस्तीला घेऊन शहरात निघाला. केरूने ते पाहिलं आणि मांडीवर थाप मारली.

"छत्र्या! पावसाळा तोंडावर आला हाय. वा रे भागोजी!"

संध्याकाळपर्यंत गाव छत्री-दुरुस्तीला लागला. दुरुस्तीला छत्र्या हव्यात म्हणून प्रत्येकाने शेजाऱ्याची धडधाकट छत्री आणून उसवली. काड्या इकडे, कापड तिकडे. उसवायला सगळ्यांना आलं, जोडायला कुणालाच नाही. काहींच्या छत्र्या उघडल्या त्या मिटेनात. भागोजी शहरातून परतला तेव्हा गावात धड अशी एकच छत्री होती आणि ती त्याच्या हातात होती. लोकांनी त्याच्याकडे इतक्या रागाने पाहिलं की तो ती काखेत दडवून घरात शिरला.

"सगुणे, माज्या नशिबात मुंबयच हाय गो," तो ओटीवर बसत म्हणाला.

"पेज खाऊन घ्या. निवतेय," सगुणा म्हणाली. तिचे हात मातीने माखले होते आणि केसांत नारळाचा काथ्या अडकला होता. पण गावात तेव्हा कुणाच्या केसांत काथ्या नव्हता?

ठरल्याप्रमाणे मे महिन्यात रघू आला. दारातच त्याला तीन कोंबड्या आडव्या गेल्या, त्यांच्या पायांतल्या दोरीत अडकून तो पडला, आणि उठता उठताच म्हणाला, "भावजी, ट्रंक भरा!"

भागोजीने शेवटचा प्रयत्न करायचं ठरवलं. आजवर देवाने सारखी उजवीच दिली होती. कायदा बघता आता डावीची पाळी होती. त्याने हौसाकडून नारळ घेतला आणि सदू गुरवाला सांगितलं, "विचारा, मुंबयला जाऊ काय?"

"भागोजीनं मुंबय गाठावी काय, म्हाराजा? कल्यान व्हनार असंल तर उजवी दे!"

भागोजी डाव्या फुलाकडे डोळे लावून बसला. नुसत्या नजरेने फूल पडत असतं तर ते दगडासकट पडलं असतं. पण डावं फूल चिकटून राहिलं आणि उजवं पडलं. भागोजीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने कुणाला दिसू दिलं नाही, आणि दिसलंही नसतं, कारण मंडपात "व्हय म्हाराजा" म्हणायलासुद्धा कुणी थांबलं नव्हतं. सगळे घाईघाईने घरी गेले होते.

ते कशाला गेले होते हे बोटीच्या दिवशी बंदरावर कळलं. केरू डोक्यावर वळकटी घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा होता. त्याच्यामागे सदू गुरव सोडून गावातले झाडून सगळे बाप्ये. कुणाकडे ट्रंक, कुणाकडे पोतं, एकाकडे तर न मिटणारी छत्री. सगळ्यांच्या सामानाला मात्र दोरी भरपूर होती.

"हे काय रं?" रघूने डोळे विस्फारले. "केरू, तू कुटं?"

"तुज्या मिलमध्ये! देवानं मुंबयला उजवी दिली!"

"अरे, पन जागा एकच हाय!"

"कोंबड्याबी आमी एकाच कौलावर पाळल्या," केरूने शांतपणे सांगितलं.

पडाव काठाला लागला आणि एकच झुंबड उडाली. भागोजी ट्रंक घेऊन पाण्यात उतरला. पण मागून कुणी आलं की तो अदबीने बाजूला होई. "तू हो पुढं. मी येतंयच." असं करत पडाव भरला, दुसराही भरला. पडावाचा तांडेल ओरडला, "आता एक मानूस चढलं तरी बुडेल!" भागोजीला गुडघाभर पाण्यात ठेवून पडाव आगबोटीकडे निघाला. गर्दीत कोंबलेला रघू मान वर काढून ओरडत होता, "भावजी! ह्यांना मी ठेवू कुटं? माजी खोली येवडीशी हाय!" वळकट्यांआड त्याचं पुढचं बोलणं बुडालं. मग आगबोटीचा भोंगा वाजला.

भागोजी ट्रंक डोक्यावर घेऊन घरी परतला. अर्ध्या वाटेपर्यंत तो हसत होता. मग त्याच्या लक्षात आलं की मुंबई टळली, पण पावसाळा टळलेला नाही. धंदा नाही, चार महिने नोकरी नाही, आणि आता मेव्हणाही खवळलेला. सगुणा काय म्हणेल?

सगुणा मागीलदारी होती. एरवी भागोजी तिकडे फिरकत नसे, कारण सकाळी तो कोर्टात आणि सुटीला देवळात. आज त्याने पडवीतून मागे पाऊल टाकलं आणि तो उभाच राहिला. गोठ्याच्या भिंतीशी नारळांची रास लागली होती. एकीकडे सोललेले, एकीकडे न सोललेले, आणि मधोमध कोयता घेऊन सगुणा.

"आलात?" ती म्हणाली. तिने तोंड फिरवून पदराने डोळे पुसले आणि लगेच नेहमीच्या आवाजात ओरडली, "मंग ती ट्रंक खाली ठेवा! डोक्यावर घेऊन निजनार हाव काय?"

"हे नारळ कुनाचे?"

"आपले. पैले आपल्या माडांचे होते, मंग इकत घेत गेले. हौसामावशी देवळाशी बसून इकते. तुमी कौल लावलात की गाव कौल लावतं. परत्येकाला नारळ लागतो."

भागोजीने राशीतून एक नारळ उचलला. त्याची शेंडी वाकडी होती. "ह्यो तर मी पैल्या कौलाला ठेवला होता!"

"चारी कौलांना तुमी तोच ठेवलात. सदूकाका मला परत देतो, मी हौसाकडं पाटवते. तुमी बघताव कुटं? पावसाळ्याची बेगमी झाली हाय. भात भरून ठेवलंय."

"पन आता बाप्ये गेले मुंबयला. नारळ घेनार कोन?"

"त्येंच्या बायका. उद्यापासनं देवळात रीघ लागंल. मानूस पोचला काय, जागा मिळाली काय, परत कदी येनार." सगुणेने राशीवरून समाधानाने हात फिरवला. "परत्येक प्रश्नाला एक नारळ."

भागोजी राशीशेजारी टेकला. एवढा मोठा धंदा, आपल्या घरात, आपल्या पाठीमागे! त्याला आनंद झाला, आणि त्याच्या पाठोपाठ एक भयंकर शंका आली.

"सगुणे! येवडं सगळं केलंस, आन् देवाला विचारलं नायस?"

"देवाला विचारलं असतं तर गावाला कळलं असतं."

"मंग मला तरी सांगायचंस!"

"तुमाला सांगितलं असतं, तर तुमी देवाला विचारलं असतात."

भागोजीने हातातला नारळ पोटाशी धरला. मग हळूच उठून म्हणाला, "मी म्हनतंय, ह्या धंद्यात आता मीबी हात घालावा काय, येवडं एकदा—"

सगुणेने त्याच्या हातात कोयता दिला आणि वाकड्या शेंडीचा नारळ काढून घेऊन बाजूला ठेवला. तो उद्या केरूच्या बायकोला विकायचा होता.