मोरचुदातली कवळी

रासायनिक अभिक्रिया शिकवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगते! अभिक्रियांचे खण चार. संयोग, अपघटन, विस्थापन आणि दुहेरी विस्थापन. जगातला कुठलाही बदल माझ्यासमोर आणा, मी तो योग्य खणात ठेवून दाखवते. पाचवा खण लागला तर राजीनामा देईन, असं मी वर्गात मुलींना बजावत असे. आता राजीनामा द्यायलाही काही उरलेलं नाही, हा भाग वेगळा.

मुलींच्या शाळेत माझी उभी हयात गेली. त्या प्रयोगशाळेचा वास अजून माझ्या नाकात आहे. डाग पडलेली लाकडी टेबलं, गळका नळ, आणि मॅग्नेशियमची फीत पेटवली की बाकांवरून उठणारा तो "आऽऽ"! डोळे दिपवणारा उजेड, आणि मागे चिमूटभर पांढरी राख. "हिचं नाव काय?" मी विचारायची. "मॅग्नेशियम ऑक्साईड!" पन्नास गळे ओरडायचे. आता माझ्या घरात एवढा आवाज फक्त मिक्सरचा होतो.

तर, माझी नात चिंगी. दर शनिवारी दुपारी ती दप्तर घेऊन माझ्याकडे यायची. पूर्वी ती नुसतीच यायची, पुढे अभ्यासाच्या निमित्ताने यायला लागली. मला निमित्ताचं काही नव्हतं, येणं महत्त्वाचं. बाकीचे सहा दिवस आमची घंटा वाजते ती चुकून. कुणीतरी वरच्या मजल्याचं पार्सल घेऊन उभा असतो आणि मी "अरेरे" म्हणून दार लावते.

एका शुक्रवारी सुनेचा फोन आला.

"आई, सोमवारी रसायनशास्त्राची चाचणी आहे. मागच्या दोन्हींत चिंगी आपटली. आता शब्दसमीकरणं आणि अभिक्रियांचे प्रकार आहेत. याही वेळी आपटली तर शनिवारचा क्लास लावणार आहे. तुम्हालाही उगाच त्रास."

"त्रास कसला गं त्यात?"

"तसं नाही हो आई. पण क्लासमध्ये कसं, सगळं पद्धतशीर असतं."

पद्धतशीर! मला! मी फोन ठेवला आणि फळा पुसायला घेतला. शाळेने मोडीत काढलेला एक फळा मी घरी आणून स्वयंपाकघराच्या दाराला ठोकून घेतलेला आहे.

घरात आणखी एक माणूस आहे, तेही सांगायला हवं. माझे धाकटे दीर. जाऊबाई गेल्यावर "चार दिवस येतो वहिनी" म्हणून भाऊजी आले, आणि चिंगी शनिवारी मुक्काम करायची त्या लहान खोलीत राहिले. बॅग अजून अर्धीच उघडलेली आहे. सकाळी पेपर आला की ते थेट निधनवार्ता उघडतात. सगळ्या वाचून झाल्या की चष्मा काढून म्हणतात, "आज ओळखीचं कुणी नाही." म्हणताना सूर असा, की जणू लॉटरीत नंबर हुकला!

"भाऊजी, चहा गार होतोय."

"होऊ दे वहिनी. शेवटी सगळंच गार होतं."

चिंगी त्यांना उसासे आजोबा म्हणते. तोंडावर नाही.

शनिवारी मी फळ्यावर समीकरणं लिहिली आणि चिंगीला प्रकार ओळखायला सांगितले. तिने सगळ्यांपुढे खुशाल लिहिलं, संयोग.

"सगळ्याच कशा गं संयोग?"

"अधिकचं चिन्ह आहे ना आजी!"

"अगं, बाणाच्या पलीकडेही बघ की! दोघं मिळून एक झाले तर संयोग. मॅग्नेशियम अधिक ऑक्सिजन, झालं मॅग्नेशियम ऑक्साईड. एकाचे तुकडे झाले तर अपघटन. आणि एकाने दुसऱ्याला हाकलून त्याची जागा बळकावली, तर विस्थापन."

"हाकलून म्हणजे?"

आता मुलांना घरातलं उदाहरण दिलं की पटकन कळतं, हा माझा जुना अनुभव. भाऊजी बाहेरच्या खोलीत पेंगत होते. मी खडू उचलला आणि लिहिलं:

चिंगीची खोली + भाऊजी → भाऊजींची खोली + चिंगी

"जास्त क्रियाशील असतो तो कमी क्रियाशील असलेल्याला बाहेर काढतो."

"पण उसासे आजोबा कुठे क्रियाशील आहेत? ते तर दिवसभर झोपतात!"

मी हसले, आणि ते समीकरण पुसायचं राहून गेलं. पुढच्या अनर्थातला निम्मा तिथेच शिजला.

उरलेला निम्मा मी काचेच्या पेल्यात शिजवला. खरं विस्थापन डोळ्यांनी बघावं म्हणून मी बागेच्या दुकानातून मोरचूद आणलं होतं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. पाण्यात विरघळलं की असा सुंदर निळा रंग येतो! चिंगीने लोखंडी खिळे पॉलिश पेपरने घासले आणि पेल्यात सोडले. लोखंड तांब्याला हाकलतं, खिळ्यावर तांब्याचा लालसर थर चढतो, आणि निळं पाणी हळूहळू हिरवट होतं. स्वयंपाकघरात रसायन ठेवायचं नाही, हा माझा कडक नियम. म्हणून पेला स्वयंपाकघराबाहेरच्या बोळातल्या बेसिनच्या फळीवर ठेवला. वर चिठ्ठी चिकटवली, "हात लावू नये." बघा, काही म्हणता काही राहू दिलं नव्हतं!

फक्त एक गोष्ट ध्यानात आली नाही. त्याच फळीवर भाऊजी दुपारी झोपताना आपली कवळी पाण्यात टाकून ठेवतात. त्यांची मुलगी परगावाहून कवळी साफ करायच्या गोळ्या पाठवते. पाण्यात टाकली की त्या गोळीने पाणी निळं होतं.

भाऊजींची दुपारची झोप होईतो आम्ही स्वयंपाकघरात दुहेरी विस्थापनापर्यंत पोहोचलो होतो. इतक्यात दारात भाऊजी उभे राहिले. डोळ्यांत पाणी.

"वहिनी," ते म्हणाले, "ती गेल्यापासून माझ्या दातांसाठी कुणी पाणी तयार करून ठेवलं नव्हतं हो. आज तुम्ही ठेवलंत."

आणि ते हसले. आमच्या घरात आल्यापासून पहिल्यांदा हसले! पण काय ते हसू! दातांच्या फटीफटीत तांब्याचा तपकिरी चुरा, हिरड्यांवर हिरवट झाक. जुन्या इमारतीचा गंजका नळ माझ्याकडे बघून प्रेमाने हसत होता!

"भाऊजी! काढा! आधी ते दात काढा!"

तोवर चव जिभेवर पोहोचलीच होती. ते बेसिनकडे धावले. मी त्यांना चूळ भरायला लावली, एकदा, दोनदा, तांब्या रिकामा होईपर्यंत.

"अहो, चिठ्ठी लावली होती ना, हात लावू नये म्हणून!"

"हात कुठे लावला?" भाऊजी बोळक्या तोंडाने म्हणाले. "दात टाकले!"

"विस्थापन!" चिंगी मागून आनंदाने ओरडली. "आजी, झालं की गं विस्थापन!"

भाऊजींनी चष्मा लावला आणि वळून फळ्याकडे पाहिलं. वाचलं. पुन्हा वाचलं.

"अच्छा," ते म्हणाले. "असं आहे तर."

"अहो, ते नुसतं उदाहरण आहे!"

"स्पष्ट सांगायचं होतंत वहिनी. मी गेलो असतो. दातांत विष कशाला?"

ते खोलीत गेले आणि मुलीला फोन लावला. मुलीने घाबरून माझ्या सुनेला फोन केला. या प्रवासात बातमी इतकी बदलली की सुनेपर्यंत पोहोचली ती अशी: आईंनी एकटेपणाला कंटाळून विष घेतलं! सुनेने रुग्णवाहिका पाठवली.

घंटा वाजली. मी दार उघडलं. यावेळी पार्सल वरच्या मजल्याचं नव्हतं, मला न्यायला आले होते! दोघा धटिंगणांनी मला उचलून स्ट्रेचरवर ठेवलं.

"अहो, मी नाही! ते! आतले!"

"हो आजी, हो. सगळे असंच म्हणतात. पडून राहा."

तेवढ्यात सूनही धापा टाकत आली. मी पट्ट्यांत बांधलेली, भाऊजी बॅगेत सदरे कोंबत असलेले, आणि जो तो आपापलं ओरडतोय. रुग्णवाहिकेसोबत आलेल्या डॉक्टरीणबाईंनी शेवटी टाळी वाजवली.

"नेमकं झालंय काय, हे कुणी एकजण सांगेल का?"

चिंगीने खडू उचलला. माझ्या त्या दुष्ट समीकरणाखाली तिने ठळक अक्षरांत लिहिलं:

लोखंड + कॉपर सल्फेट → फेरस सल्फेट + तांबे

"ही विस्थापन अभिक्रिया आहे," ती म्हणाली. "लोखंड जास्त क्रियाशील, म्हणून त्याने तांब्याला बाहेर काढलं. ते तांबं आजोबांच्या दातांत अडकलं. त्यांनी गिळलं नाही, थुंकलं. आजीने काहीच खाल्लेलं नाही. आणि दात अभिक्रियेत भाग घेत नाहीत. ते नुसते तिथे होते."

"माझ्यासारखेच," भाऊजी उसासले.

डॉक्टरीणबाईंनी त्यांचं तोंड तपासलं, पोट तपासलं, रात्रीपर्यंत लक्ष ठेवा म्हणाल्या, आणि माझ्या पट्ट्या सोडवल्या. सून फळ्याकडे बघत राहिली होती. वरच्या ओळीकडे. मी उठून डस्टर घेतला.

"पुसू नका वहिनी," भाऊजी हळूच म्हणाले. "समीकरण बरोबरच आहे."

मी ते पुसलं. मग त्यांच्या बॅगेतले सदरे काढून कपाटात लावले. सगळे. बॅग रिकामी करून माळ्यावर टाकली.

"दात नाहीत, कुठे जाणार आहात?" मी म्हटलं. "गप राहा इथेच."

मंगळवारी चिंगीचा फोन आला. "आजी! वीसपैकी वीस!" मी बोळात एकटीच नाचले! क्लास टळला, माझा शनिवार वाचला! मग सुनेने फोन घेतला.

"आई, कमाल केलीत! आता तिला सगळंच येतं. त्यामुळे क्लास नको, आणि तुम्हालाही त्रास नको. शनिवारी तिला पोहायला घालतेय."

म्हणजे माझ्याच हातांनी मी तिला इतकं पक्कं शिकवलं की माझं कामच संपलं! हा बदल कुठल्या खणात ठेवायचा, ते मला अजून सुचलेलं नाही.

शनिवार आला. घंटा वाजली नाही. मी खडूचे तुकडे लांबीनुसार लावत बसले होते. भाऊजी आले, चिंगीच्या खुर्चीत बसले. नवी कवळी अजून तयार व्हायची होती.

"वहिनी, फळा रिकामा बरा दिसत नाही. मला विचारा काहीतरी."

मी लिहिलं, मॅग्नेशियम + ऑक्सिजन → ?

भाऊजींनी चष्मा लावून फळ्याकडे पाहिलं. मग उसासा टाकला.

"राख," ते म्हणाले. "शेवटी सगळ्याची राखच होते वहिनी."

आणि कटकट अशी, की उत्तर बरोबर होतं! पण पूर्ण मार्क दिल्यावर काय होतं, ते मी नुकतंच बघितलं होतं. रासायनिक नाव लिहिलं नाही म्हणून मी अर्धा मार्क कापला, आणि म्हटलं, "कच्चं आहे अजून. पुढच्या शनिवारी पुन्हा बसा."