पहिला नंबर कुठला?

अमेरिकन मोटारींच्या इंजिनांचा इतिहास मला तोंडपाठ आहे. सुटे सुटे सिलिंडर ओतून बोल्टांनी जोडायचे तिथपासून सुरुवात करतो. मग आठही सिलिंडर एका ओतीव ठोकळ्यात कसे बसले आणि बाजूला बसणारे व्हॉल्व्ह पुढे डोक्यावर कसे चढले, सगळं सांगतो. घरात कुणी विचारत नाही, हा घराचा दोष!

एवढं असूनही सासऱ्यांनी, म्हणजे लेनर्ड वोय्तास यांनी, त्यांच्या त्रेपन्न सालच्या फोर्डच्या बॉनेटला मला कधी बोट लावू दिलं नव्हतं. ते डिअरबॉर्नचे, जन्म फोर्डच्या कारखान्यात गेलेला. मी फ्लिंटचा, शेवरोलेच्या घरातला. आमच्या मिशिगनमध्ये याला आंतरजातीय विवाह म्हणतात.

यंदा चर्चच्या आवारात गाड्यांना आशीर्वाद द्यायच्या रविवारी, ऐन रांगेत आमची फोर्ड खोकू लागली. प्लगच्या वायरी तडकल्या होत्या. नव्या वायरी डिकीत होत्या, पण सासऱ्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, दुसरं कुणीच सापडेना, तेव्हा म्हणाले, "जावईबापू, जमेल?"

जमेल? मी आठही वायरी एका झटक्यात उपटल्या! त्यांनी ठिणगीच्या क्रमाने सिलिंडरचा नंबर सांगायचा, मी त्या सिलिंडरवर वायर खोचायची. एक, पाच, चार, आठ... तोंडाने माझं व्याख्यान चालूच होतं: या इंजिनात जळका धूर ठोकळ्याच्या पोटातूनच बाहेर पडतो, म्हणून ते तापतं. सासरेही तापत होते.

एवढ्यात पवित्र पाणी शिंपडत फादर आले. बॉनेट उघडंच होतं. माझी बायको बर्नडीन त्यांना म्हणाली, आतच शिंपडा, गरज तिथे आहे. फादरांचा हात सढळ. सासऱ्यांनी स्टार्टर मारला.

धडाम! फादर मागे सरले ते थेट सरबताच्या टेबलात.

"पाणी गेलं असणार," मी म्हणालो.

फादर बिचारे ओशाळले. टॉवेल आले, कुणाचा तरी हेअर ड्रायर आला, सगळ्या चर्चने मिळून इंजिन न्हालेल्या बाळासारखं कोरडं केलं. पुन्हा धडाम! फादर म्हणाले, बिशपना विचारून बघतो. मला मात्र एवढंच दिसत होतं, की हे बॉनेट आता माझ्यासाठी कायमचं मिटणार.

"एक नंबरपासून बघू," सासरे म्हणाले.

"बघू," मी म्हणालो.

दोघंही एक नंबरवर वाकलो. मान वर केली, तर ते गाडीच्या उजव्या अंगाला, मी डाव्या, आणि मध्ये अख्खं इंजिन! शेवरोलेवाले ड्रायव्हरच्या, म्हणजे आमच्याकडे डाव्या, अंगाने मोजायला लागतात, एक इकडचा, एक तिकडचा. फोर्डवाले पलीकडून, आधी एक रांग, मग दुसरी. इतिहासात हे पान माझ्याकडून राहिलं होतं.

सासरे कमरेवर हात ठेवून सरळ झाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाणीच होतं, फादर. पुढच्या वर्षी बेताने शिंपडा."

आम्ही दोघांनी मिळून वायरींच्या जागा बदलल्या, इंजिन मांजरासारखं गुरगुरू लागलं. मी हळूच म्हणालो, "डॅड, तुमचे उपकार..."

"उपकार कसले? खरं सांगितलं असतं, तर तू फ्लिंटचा, हे सगळ्या चर्चला कळलं असतं ना! अडतीस वर्षं सांगत आलोय, की जावई अनाथ आहे, कुठला ते त्यालाही ठाऊक नाही."

चर्चमधल्या बायका इतकी वर्षं माझ्या ताटात सारण भरलेल्या दोन पिरोगी जास्त का वाढतात, ते तेव्हा कळलं. त्या दिवशीही वाढल्या. मी मान खाली घालून, आभार मानून, खाल्ल्या.