नानांच्या घरचं नेट

नानांच्या घरी सातच्या बातम्यांत रोज तोच पाऊस पडतो. कोकणात मुसळधार, घाटमाथ्यावर मध्यम. बातम्या देणारी बाईही तीच. शेजारच्या धोंडाबाईंनी एकदा विचारलं, "नाना, हिची साडी रोज हीच कशी वो?"

"नोकरीत गणवेश आसतो," नाना म्हणाले आणि त्यांनी आवाज वाढवला.

नाना भोरच्या कोर्टातले निवृत्त बेलिफ. मी बातम्यांसाठी कोर्टात जात असे, तेव्हापासूनची आमची ओळख. उभा जन्म समन्स बजावण्यात गेल्यामुळे त्यांच्या बोलण्यात माणसं, जनावरं आणि पाऊस एकतर हजर असतात, नाहीतर गैरहजर. निवृत्तीनंतर ते हिर्डोशीला आपल्या गावी राहायला गेले. पत्नी आधीच वारल्या होत्या. मुलगा सुनील पुण्यात कॉम्प्युटरवर नोकरी करतो. त्यांच्या वस्तीत मोबाईलला रेंज नाही, म्हणून तो आला की एक रात्र राहतो आणि सकाळच्या एसटीने परत जातो. "नेट असतं तर इथूनच काम केलं असतं, चार दिवस राहिलो असतो," असं तो एकदा म्हणाला. नानांनी ते लेखी हमीसारखं धरून ठेवलं.

वस्तीत नेट आणणं सुनीलच्या हातात नव्हतं. वडिलांची संध्याकाळ बरी जावी म्हणून त्याने एक छोटा सर्व्हर आणला, सोबत वायफायची पेटी बसवली. त्यात कीर्तनं, कुस्त्या, नाटकं, दुभत्या जनावरांची माहिती आणि चालतंय का हे पाहण्यासाठी घातलेलं टीव्हीवरचं सातचं एक जुनं बातमीपत्र होतं. "नेट नसलं तरी हे चालतं," त्याने सांगितलं. नेट नसताना चालणारं नेट, असा नानांनी त्याचा अर्थ लावला.

मग नानांकडे नेट आल्याचा गावात बोभाटा झाला. कुणी सातबारा काढायला आलं. नानांनी सांगितलं, "सातबारा अजून रुजू न्हाई. कुस्ती हाय, बस." पीकविमा भरायला आलेला माणूस म्हशीची निगा कशी राखावी, ते पाहून गेला. फोनवर 'इंटरनेट नाही' असं उमटलं की नाना म्हणत, "ते त्याचं म्हननं झालं. रेंज बघ की, फुल्ल हाय."

मी एकदा त्यांना नीट समजावून सांगितलं. हे घरातलं घरात फिरतं, बाहेरचं काही येत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग धोंडाबाई रोज येतीया, ती काय घरातली हाय व्हय?"

नानांना फरक कळतच नव्हता, की कळूनही तो त्यांना मंजूर नव्हता, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही.

भातकापणीच्या सुमाराला नानांनी भोरहून मोठी अँटेना आणली आणि आंब्याला टांगली. घाटरस्त्याच्या वळणावर थोडी रेंज मिळते. तिथे जाऊन सुनीलला फोन केला. "नेटात सुधारना झालीया. चार दिस ये."

सुनील सकाळीच लॅपटॉप घेऊन आला. मीही त्या दिवशी तिथेच होतो. त्याने वायफाय जोडलं, थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं.

"नाना, हे तेच आहे."

"तेच हाय. पन आता गोठ्यापतूर येतं."

सुनील हसला नाही. त्याने लॅपटॉप मिटून पिशवीत घातला. "अकराला मीटिंग आहे. मला निघावं लागेल."

"मीटिंग म्हंजी तारीख का?"

"तारीखच समजा."

"मंग हजर ऱ्हायाला पायजे," नाना म्हणाले. पुढे वाद घातला नाही. घरातली लोखंडी खुर्ची त्यांनी डोक्यावर घेतली, बगलेत छत्री मारली आणि ते घाटरस्त्याला लागले. सुनील मागून गेला. त्याच्यामागे मी, काय चाललंय ते न कळून.

वळणावर खुर्ची मांडून नानांनी मुलाला बसवलं. त्याने फोनचं नेट लॅपटॉपला जोडलं. ऊन पडद्यावर येत होतं, म्हणून त्यांनी मागे उभं राहून छत्री धरली. मीटिंगमधल्या कुणीतरी मागे कोण उभं आहे, असं विचारलं. "वडील," सुनील म्हणाला. नानांनी छत्रीसकट नमस्कार केला. दुपारी तिथेच भाकरी खाल्ली. सुनीलचं काम संपत नव्हतं आणि नाना जागचे हलत नव्हते. "तुम्ही बसा की जरा," असं सुनीलने सांगून पाहिलं. "हाय की उभा," एवढंच उत्तर आलं.

दिवस कलताना भोरकडे जाणारी एसटी वळणावर आली. रस्त्यालगत माणसं दिसल्यामुळे ड्रायव्हरने वेग कमी केला. सुनील काही बोलायच्या आत नाना दोन पावलं पुढे झाले आणि त्यांनी हाताने गाडीला पुढे जायची खूण केली. गाडी गेली. नानांनी मुलाकडे पाहिलं नाही.

सुनीलने ते पाहिलं होतं. तो उठला, खुर्ची नानांच्या दिशेने सरकवली आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारच्या कठड्यावर बसला. नाना खुर्चीत टेकले. ऊन केव्हाच गेलं होतं. त्यांनी छत्री मुलाच्या डोक्यावर तशीच धरून ठेवली.