विमानाच्या नाकावरचा हार

एका जंगलात, बाळांनो, सगळं होतं. फक्त रस्ता, पाणी आणि दवाखाना नव्हता. म्हणून सिंहमहाराजांनी विमान घेतलं.

विमान छोटं होतं. एक इंजिन, तीन जागा. चालवायला टिटवी नेमली. बिचारी सात पावसाळे हे काम शिकली होती. नोकरी लागली त्या दिवशी तिने घरट्याशी ‘वैमानिक’ अशी पाटी लावली. ती रोज सकाळी पुसायची.

उद्घाटनाला तरसमंत्र्यांनी विमानाच्या नाकावर झेंडूचा भलामोठा हार घातला. टिटवीने पाहिलं, तर इंजिन जिथून हवा घेतं, नेमकी तीच जाळी झाकलेली.

“मंत्रीसाहेब, हार काढा. पाकळ्या आत गेल्या तर इंजिन बंद पडेल.”

मांडवातल्यांनी कानांवर पंजे ठेवले.

“शिव शिव! शुभकार्यात असं बोलतात का, टिटवीबाई? आधीच तुमचा आवाज अपशकुनी!”

“पण साहेब, वर गेल्यावर...”

“फोटोत हार आलाय. आता काढला तर बरं दिसेल? उडवता, की दुसरं कुणी बघू?”

टिटवीला पाटी आठवली. तिने महाराजांना आणि मंत्र्यांना मागे बसवलं आणि इंजिन सुरू केलं.

विमान वडाच्या शेंड्याएवढं वर गेलं आणि इंजिन खोकलं. मग आणखी एकदा. मग समोरचा पंखा थांबलाच.

“मागे वळव!” मंत्री किंचाळले. “मांडव मागे आहे!”

“इतक्या खालून वळलो तर दगडासारखे पडू. समोरच उतरायचं.” वेग टिकावा म्हणून तिने विमानाचं नाक खाली केलं.

“अगं खाली काय नेतेस? वर घे, वर!” महाराज ओरडले.

टिटवीने ऐकलं नाही. रानडुकरांच्या रताळ्याच्या शेतात विमान धडधडत उतरलं. चाकं मोडली. महाराजांच्या नाकाला खरचटलं. बाकी सगळे धडधाकट. टिटवीला वाटलं, आता तरी हार काढतील.

चौकशी बसली. अध्यक्ष तरसमंत्रीच, कारण हाराची माहिती त्यांनाच जास्त. निकाल लागला: हार ताजा होता. इंजिन उत्तम होतं. टिटवीबाई अशुभ बोलल्या, म्हणून ते बंद पडलं. शिवाय रताळी तुडवली.

पाटी उतरवून मोराला दिली. मोर दिसायला छान. महाराज काहीही म्हणाले की तो म्हणायचा, “सगळं शुभ आहे, महाराज!”

नवं विमान आलं. दृष्ट लागू नये म्हणून या वेळी दोन हार आणले.

आणि टिटवी? ती रोज उजाडताच त्या रताळ्याच्या शेतात जाते. चोचीने एकेक दगड उचलून बांधावर टाकते. कुणी विचारलं तर म्हणते, “पाहुणे यायचेत.”

तात्पर्य : इंजिन बंद पडेल असं कधी बोलू नये, बाळांनो. बोललं तर नोकरी जाते. न बोललं तर नुसतं विमान जातं, आणि ते नवं घेता येतं.