अकरावं पान

मंजुषाच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेवर खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'कृपया आहेर आणू नये.' कोपरखैरण्याच्या आपल्या घरात राजेश्वरीने ती ओळ दोनदा वाचली, पत्रिका देवासमोर ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि जाहीर केलं, "मी आहेर नेणार."

"अगं, पण छापलंय," जोतीराम म्हणाला. जोतीराम म्हणजे तिचा नवरा आणि मंजुषाचा थोरला भाऊ. महाप्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा, त्यामुळे छापील गोष्टींवर त्याचा फार विश्वास.

"छापू दे. मी नेणार, आणि असा नेणार की तो तिच्या घरातून बाहेर पडणार नाही."

या वाक्यामागे एका घड्याळाची कथा होती. मंजुषाच्या लग्नाच्या वाढदिवसाला राजेश्वरीने राधाकृष्णाचं भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. पुढच्या वर्षी राजेश्वरीची लेक मैत्री बारावी पास झाली तेव्हा आत्याकडून तिला बक्षीस आलं. खोका उघडला तर आत तेच घड्याळ, आणि तळाशी चिठ्ठी, 'सौ. राजेश्वरीकडून सप्रेम.' (लेकीच्या बक्षिसावर आपलंच नाव वाचायला मिळणं हे भाग्य सगळ्याच आयांच्या नशिबी नसतं.) राजेश्वरी तेव्हा काही बोलली नाही. त्या दिवशी संकष्टी होती आणि उपासाच्या दिवशी ती वाईट बोलत नसे. तिच्या कॅलेंडरवर उपास नसलेला दिवस शोधावा लागे, म्हणून ते बोलायचं राहूनच गेलं होतं.

या वेळी तिने विचार पक्का केला. ज्या वस्तूवर मंजुषाचंच तोंड असेल ती मंजुषा कुणाच्या गळ्यात मारणार? फोटोंचा अल्बम करायचा, आणि तोही हाताने, घडीचा. साडीच्या निऱ्यांसारखा मिटायचा, ओढला की लांबलचक उलगडायचा. मैत्रीने मोबाईलवर त्याचा एक व्हिडिओ दाखवला तेव्हा राजेश्वरी म्हणाली, "यात काय शिकायचंय? पंचवीस वर्षं निऱ्याच घालतेय."

मग गणपतीपुढे बसून तिने नवस बोलला, "एवढा आहेर त्या घरात टिकू दे, एकवीस मोदक करीन." जरा थांबून पुढे म्हणाली, "नाही टिकला तरी करीन. पण मग तुझं तू बघ."

कामाला जोरात सुरुवात झाली. सासूबाईंच्या जुन्या ट्रंकेतून फोटो निघाले, त्यांच्या नव्या कॉपी आल्या. कार्डशीट आली. मैद्याची खळ शिजली. वेष्टणाला राजेश्वरीने स्वतःचा जांभळा इरकली खण काढला, जो तिने इतकी वर्षं 'चांगल्या कामासाठी' जपून ठेवला होता. मंजुषाचे नि तिच्या नवऱ्याचे, रणजीतचे, मोजून दहा फोटो चिकटले. आणि तिथे राजेश्वरीचा हात थांबला.

"दहा? देताना दहा कसं देणार? अकरा पाहिजेत."

"आई, अल्बम आहे, पाकीट नाही," मैत्री म्हणाली.

"देणं ते देणंच. वर एक लागतोच."

घरात शोधाशोध झाली. मंजुषाचा चांगला असा अकरावा फोटो काही निघेना. निघाला तो जोतीरामचा. कंपनीच्या ओळखपत्रासाठी दहा वर्षांपूर्वी काढलेला, कोट घातलेला, कॅमेऱ्याने काहीतरी गुन्हा केल्यासारखा त्याच्याकडे रोखून बघणारा. दुकानदाराने तो पानभर मोठा करून दिला.

"म्हणजे मी पाकिटावरचा रुपया?" जोतीरामने विचारलं.

"मान असतो त्याला," राजेश्वरी म्हणाली.

अकरावं पान जोडून तिने अल्बम मिटला आणि घोटाळा समोर आला. मैत्रीने तो दोनदा उघडला, दोनदा मिटला आणि कपाळावर हात मारला. "आई, पानं सम लागतात! दहा पानं असली की पहिल्या नि शेवटच्या पानाची पाठ बाहेर येते, तिला पुठ्ठा चिकटतो. अकरा केलीस तर शेवटच्या पानाचं तोंड बाहेर येतंय. बघ, बाबा बाहेर बसलेत!"

खरंच होतं. एका बाजूला जांभळा खण लावलेला सुंदर पुठ्ठा होता आणि दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याच्या जागी उघड्यावर जोतीराम.

"त्याच्यावरच चिकटव पुठ्ठा," जोतीराम उदार मनाने म्हणाला.

"नवऱ्याच्या तोंडाला खळ फासू? माझ्या हाताने?"

"मग बारा पानं कर."

"शुभकार्याला बारा कोण देतं?"

"तेरा?"

राजेश्वरीने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, की तेरावं कशाचं घालतात ते जोतीरामला आपोआप आठवलं. शिवाय तेरालाही तोंड बाहेरच आलं असतं.

"आई, व्हिडिओत स्पष्ट सांगितलंय, सम पानं."

"त्या व्हिडिओवाल्याला नणंद आहे का?" राजेश्वरी म्हणाली. "अकराच राहणार. बाबा बाहेर तर बाहेर. भाऊ आहेत, पाठीशी उभे आहेत असं समजतील लोक."

एकदा चुकीचा हट्ट धरला की पुढच्या सगळ्या गोष्टी अगदी शहाणपणाने करूनही माणूस खड्ड्यातच जातो. मागे पुठ्ठा नसल्यामुळे अल्बम मिटून राहीना. हात सोडला की सापासारखा पसरायचा. त्याला बांधायला हवं होतं. वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी घरात रिबीन नव्हती, पण तोरणातून उरलेली झेंडूची सर होती. ती बांधली. नवी वस्तू पूजा केल्याशिवाय घराबाहेर काढायची नाही हा राजेश्वरीचा नेम. खणाला हळदीचे डाग पडू नयेत म्हणून तिने अल्बम उलटा ठेवला, आणि समोर भाऊच होता, तेव्हा भावाला लावतात तसा त्याच्या कपाळाला कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. एकाही कारणात खोट नव्हती.

मंजुषाचं नवं घर उलव्याला, नवव्या मजल्यावर. पैठणी सावरत, कपाळाचा घाम टिपत मंजुषाने दारातच पुडकं घेतलं. "वहिनी, आणू नका म्हटलं होतं ना!" कागद काढून, धड न बघताच, तिने अल्बम टीव्हीशेजारच्या मेजावर भिंतीला टेकवून उभा केला. (फोटो असतो ती पुढची बाजू, एवढं कुणालाही कळतं. तिची चूक नव्हती.) जोतीरामला तिने केळी कमी पडली म्हणून आल्या पावली खाली पिटाळलं. राजेश्वरी आत वाटपाच्या द्रोणांकडे गेली. गुरुजींनी पंख्याचा वारा लागतो म्हणून उदबत्तीचं घर उचलून त्याच मेजावर ठेवलं.

कोट, गंभीर मुद्रा, टिळा, झेंडूचा हार आणि समोर उदबत्ती. काही कमी नव्हतं.

समोरच्याच फ्लॅटमध्ये जाईबाई राहायच्या. ही इमारत उभी राहिली ती त्यांच्याच शेतावर. त्या मेजासमोर हात जोडून उभ्या राहिल्या, कुणाला तरी विचारलं, आणि थेट आत येऊन राजेश्वरीचा हात हातात घेतला.

"तुजा मालक गो तो, फोटोतला?"

"हो, माझेच," राजेश्वरी खुलून म्हणाली. पहिलं कौतुक आलं होतं.

"चांगला मानूस दिसतंय. घर खायाला उठत असंल ना?"

"हो ना. दिवसभर मी एकटीच असते."

"राती भ्या वाटतंय?"

"भीती कसली? उलट घोरण्याने झोप लागत नाही."

जाईबाई जरा विचारात पडल्या. मग राजेश्वरीच्या कपाळाकडे बघून त्यांनी मान डोलावली. "कुंकू ठेवलंस, बरा केलास. मी पन ठेवलाय. लोकांचा काय ऐकायचा? पोरीकडं बघायचा आनि खाऊन-पिऊन राहायचा." तिच्या द्रोणात आणखी एक मूद शिरा घालून, डोळे पुसत त्या आपला प्रसाद घेऊन घरी गेल्या.

किती मायाळू बाई, राजेश्वरीला वाटलं. अल्बम बघून एवढी गहिवरली!

बाहेर गहिवराची लाट आली होती. रणजीतच्या काकांनी अल्बमवर फूल वाहिलं. एक-दोघांनी चपला घालता घालता परत येऊन नमस्कार केला. काकांनी फोटो काढून दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आजच कळले. फार वाईट झाले.' आणि त्याच वेळी दारातून, दोन्ही हातांत केळ्यांचे घड घेऊन, प्रत्यक्ष जोतीराम आत आला.

काकांच्या हातातला द्रोण पडला.

जोतीरामच्या खिशातला फोन वाजायला लागला. घड मैत्रीकडे देऊन त्याने तो उचलला. साताऱ्याहून उदयसिंह, त्याचा चुलतभाऊ.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"मी जोतीराम."

"थट्टा नको. बातमी आलीय आत्ताच. घरचं कुणीतरी द्या."

"अरे उद्या, मीच बोलतोय!"

"मग आम्ही गाडी काढलीय तिचं काय?"

एव्हाना मंजुषाने मेजाकडे पहिल्यांदा नीट बघितलं होतं. तिचा चेहरा पैठणीच्या काठासारखा लाल झाला.

"वहिनी!" सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "एवढी व्रतं करता तुम्ही, आणि माझ्या वास्तुशांतीला, माझ्या जिवंत भावाला हार घालून ठेवलात? असा अपशकुन? उचला ते आधी. घेऊन जा घरी."

घेऊन जा. राजेश्वरीची मान खाली गेली. आहेर एक तासही टिकला नव्हता. आणि अपशकुन? तिच्या हातून? ज्या बाईने आयुष्यात शनिवारी केरसुणीसुद्धा विकत आणली नाही, तिच्या हातून? पण घेऊन जा हा शब्द डोक्यात गेला आणि खाली वाकलेली मान वर आली.

"नाही नेणार," ती म्हणाली.

मैत्रीनेही आईचा हा आवाज पूर्वी ऐकला नव्हता.

"टिळा मी लावला. भावाला टिळा लावतात. फुलं मी बांधली. फुलं दिसली की तुम्हाला मेलेलाच माणूस आठवतो, त्याला मी काय करू? जिवंतपणी त्यांना कुणी एक पाकळी घातली असती, तर डोळ्यांना सवय झाली असती."

रणजीत मध्ये पडला. "वहिनी, सोपं आहे. कात्री आणतो. शेवटचं पान कापलं की..."

"कात्रीला हात लावायचा नाही! नव्या घरात पहिल्या दिवशी भाऊ कापणार?"

आणि तिने सर सोडली. अल्बम तिच्या हातातून उसळला आणि सरसरत उलगडला. एक टोक तिने गुरुजींच्या हातात दिलं (त्यांनी आचमनाची पळी घाईने खाली ठेवली), दुसरं टोक जोतीरामच्या हातात. टीव्हीपासून स्वयंपाकघराच्या दाराकडे फोटोंचं तोरण ताणलं गेलं. जोतीराम स्वतःच्याच फोटोशेजारी उभा होता. लोकांनी दोघांना ताडून बघितलं. फोटोतला जास्त विश्वासार्ह वाटत होता.

मंजुषा तावातावाने पुढे आली ती अल्बम हिसकून घ्यायलाच. पण तिसऱ्या पानापाशी थांबली. गावची जत्रा होती. पाळण्याला घाबरून भोकाड पसरलेली पाच-सहा वर्षांची मुलगी भावाच्या खांद्यावर बसली होती आणि दोन्ही मुठींत तिने त्याचे केस गच्च धरले होते. भाऊ कळवळला होता, पण तिचे पाय त्याने सोडले नव्हते.

"ही मी?"

"आईंच्या ट्रंकेत होता," राजेश्वरी अजून घुश्श्यातच म्हणाली.

मंजुषाने फोटोतल्या त्या मुठींवर बोट टेकवलं. मग टोकाला उभ्या जोतीरामच्या डोक्याकडे बघून म्हणाली, "दादा, इतके केस उपटले होते मी?"

"परत आलेच नाहीत," जोतीराम म्हणाला.

मंजुषा हसली, आणि हसता हसता तिने पैठणीच्या पदराने डोळे पुसले (पैठणीने काही टिपलं जात नाही, पण क्षणच तसा होता). रणजीत खरंच कात्री घेऊन आला, तर त्याच्यावरच उखडली. "ठेव ती! एक पान कमी करायचं नाही. हे मी कुणाला म्हणजे कुणाला देणार नाही." बोलून गेल्यावर तिला काहीतरी आठवलं असावं, कारण तिने वहिनीकडे बघायचं टाळलं. राजेश्वरीनेही मोठ्या मनाने काही ऐकलं नाही असं दाखवलं. मनातल्या मनात ती एकवीस मोदकांचं सारण परतत होती.

झेंडू निघाला, टिळा पुसला, अल्बम शोकेसमध्ये गेला. राजेश्वरी जायला निघाली ती मान ताठ करून. जिंकली होती. पोटभर जेवलेला जोतीराम तिच्यामागून आला. मैत्री आत्याकडेच राहिली. दोघं लिफ्टपाशी उभे असताना समोरचं दार उघडलं आणि जाईबाई बाहेर आल्या. त्यांनी राजेश्वरीला बघितलं, मग तिची पर्स धरून उभ्या असलेल्या जोतीरामला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांचा चेहरा उजळला.

"दुसरा केलास गो? लय बरा केलास!" त्यांनी तोंडभरून आशीर्वाद दिला. मग जवळ येऊन, जोतीरामला सहज ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाल्या, "पन पयला जास्त देखना व्हता."

लिफ्टचं दार मिटलं. तळमजला आल्यावर जोतीरामने पोट जरा आत ओढलं आणि विचारलं, "त्या फोटोतला तो कोट अजून आहे का गं आपल्याकडे?"